बोर्डावरचा कनेक्टर डगमगू नये म्हणून: नव्या डिझायनरसाठी पायऱ्या

नागपुरात बोर्ड बनवायला शिकणाऱ्या माणसाच्या हाती पहिलं काम बहुधा कूलरच्या कंट्रोल बोर्डाचं येतं, नाहीतर सोलर पंपाच्या किंवा ई-रिक्षाच्या कंट्रोलरचं. सर्किट जमतं, प्रोग्राम चालतो. मग दोन महिन्यांनी बोर्ड परत येतो आणि तक्रार असते, "हलवलं की चालतं." अशा वेळी आयसी बदलत बसू नका. आधी कनेक्टरच्या पिना बघा.

या लेखात कूलरचा बोर्ड उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण कनेक्टरला छळणारं सगळं त्यात एकत्र असतं: २३० व्होल्ट, पंख्याची थरथर, ओलावा, पाण्यातले क्षार आणि मे महिन्याचं ऊन. इथे टिकेल ती जोडणी इतर बहुतेक ठिकाणी टिकते.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. सोल्डर वीज नेण्यासाठी आहे, ओढ सोसण्यासाठी नाही. सोल्डर हा मऊ धातू आहे. सतत ताण दिला तर तो हळूहळू सरकतो आणि पुन्हा पुन्हा वाकवला तर तडकतो. वायरची ओढ, प्लग काढण्या-घालण्याचा जोर आणि पंख्याची थरथर दुसऱ्या कशाने तरी झेलली गेली पाहिजे. ते दुसरं काय, हे ठरवणं म्हणजेच कनेक्टरचं डिझाइन.

आधी हाताशी काय हवं

- कनेक्टरच्या दोन्ही अर्ध्यांची डेटाशीट: बोर्डावरचा भाग आणि वायरवरचा भाग. एकाच भागाची घेऊन चालत नाही.
- त्या डेटाशीटमधलं भोकांच्या जागांचं चित्र, आणि ते कोणत्या बाजूने पाहून काढलं आहे याची नोंद.
- प्रत्यक्ष कनेक्टरचे निदान पाच नमुने. नागपूरच्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारातून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पण बोर्ड छापायला देण्याआधी.
- डिजिटल व्हर्निअर, दहा पट दाखवणारं भिंग, मल्टिमीटर, तापमान मोजायचं थर्मोकपल.
- सामान तोलायचा हातात धरायचा डिजिटल काटा. ओढीच्या चाचणीला तो पुरतो.
- तापमान नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन, ०.८ मिमीची ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर तार, रोझिन फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- बोर्ड बनवणाऱ्याकडून लिहून घेतलेली माहिती: भोकाची टॉलरन्स (माप किती कमी-जास्त होऊ शकतं), तांब्याची जाडी, भोकाच्या आतल्या मुलाम्याची जाडी.

१. कनेक्टरला काय काय सोसायचं आहे ते लिहून काढा

एका कागदावर चार ओळी लिहा. करंट किती आणि व्होल्टेज किती? वायर कोण ओढणार आणि कोणत्या दिशेने? प्लग आयुष्यात किती वेळा निघणार? आजूबाजूची हवा कशी?

कूलरच्या पंख्याचा करंट साधारण एक-दीड अँपिअर, पंपाचा त्याहून बराच कमी. म्हणजे इथे करंटची भीती नाही, थरथर आणि ओलावा यांची आहे. ई-रिक्षाच्या कंट्रोलरमध्ये उलटं, तिथे करंटच मुख्य. या चार ओळी न लिहिता थेट कनेक्टर शोधायला बसलं की दुकानात जे मिळालं तेच डिझाइन होऊन बसतं.

२. निवड: पिच, मुलामा, प्लास्टिक, उष्णता

पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर. त्यात नवखे हमखास फसतात. २.५० आणि २.५४ मिमी डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन पिनांना फरक पडत नाही. पण दहा पिनांत नऊ अंतरं असतात, प्रत्येकी ०.०४ मिमी, म्हणजे शेवटची पिन ०.३६ मिमी बाजूला जाते. स्क्रू टर्मिनलमध्ये ५.०० आणि ५.०८ चा घोळ तसाच आहे. आठ पोलला (वायरींच्या आठ जागांना) ०.५६ मिमी फरक पडतो. पिन जोर लावून बसवली तर बसते, पण ती वाकलेल्या स्थितीतच सोल्डर होते आणि तो ताण डागात (सोल्डरच्या जोडात) कायमचा राहतो. व्हर्निअरने एक अंतर मोजू नका. पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत मोजा आणि अंतरांच्या संख्येने भागा.

मुलाम्याचा नियम सोपा आहे: कथलाला कथील, सोन्याला सोनं. बोर्डावरची पिन सोन्याची आणि वायरवरचा कॉन्टॅक्ट कथलाचा असं मिश्रण थरथरीच्या जागी लवकर बिघडतं. कथील-कथील जोडीही थरथरीत झिजते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म अंतर घासत राहतात, प्रत्येक घासणीत थोडं ऑक्साइड तयार होतं, ते तिथेच साचतं आणि रोध वाढत जातो. कूलरच्या मोटरच्या वायरीला कथील चालतं, मात्र लॉक असलेला घट्ट कनेक्टर घ्या आणि वायर जवळच बांधा. तापमान किंवा पाण्याची पातळी सांगणाऱ्या सेन्सरला काही मिलिअँपिअरच वाहतात. तिथे सोन्याचा मुलामा घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

पितळी पिनांबद्दल आणखी एक. पितळेतलं जस्त हळूहळू कथलातून वर येतं आणि मग पिनेवर सोल्डर धरत नाही. म्हणून पितळ आणि कथील यांच्यामध्ये निकेल किंवा तांब्याचा थर हवा. जुना साठा घ्यायची वेळ आली तर एक पिन फ्लक्स लावून सोल्डर करून बघा. चांगल्या पिनेवर सोल्डर पसरत वर चढतं. खराब पिनेवर ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. असा माल परत करा. जास्त उष्णता देऊन तो सुधारत नाही.

प्लास्टिक कोणतं हे सोल्डरच्या पद्धतीवरून ठरतं. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळतं, पीबीटी हे दुसरं प्लास्टिक सुमारे २२३ ला. रिफ्लो भट्टीचं (जिच्यात अख्खा बोर्ड तापवून सोल्डर वितळवतात) टोकाचं तापमान शिसेविरहित सोल्डरला २४५-२५० पर्यंत जातं. म्हणून पीबीटीचा कनेक्टर त्या भट्टीत घालू नये, आणि साधं नायलॉनही मऊ पडून वाकतं. शिवाय ओलावा शोषलेल्या नायलॉनला फोड येतात. भट्टीतून जाणाऱ्या बोर्डाला एलसीपीसारखं उष्णता सोसणारं प्लास्टिक लागतं. हाताने किंवा वेव्हवर (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवर) सोल्डर करणार असाल तर नायलॉन ६६ ठीक. २३० व्होल्ट असेल तर यूएल ९४ व्ही-० दर्जा (आग लागली तरी लवकर विझणारं प्लास्टिक) पाहूनच घ्या.

आता उष्णतेचं गणित. नागपुरात ते टाळता येत नाही. डेटाशीटवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा बऱ्याचदा कॉन्टॅक्टचं तापमान ३० अंशांनी वाढेल या हिशेबाने दिलेला असतो. अनेक स्वस्त नायलॉन कनेक्टरची वरची मर्यादा ८५ अंश असते, आणि करंटमुळे होणारी वाढ त्यातच मोजलेली असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सावलीतली हवा ४५ अंश असते तेव्हा उन्हात तापलेल्या बंद पत्र्याच्या डब्यात ७० अंश धरून चाला. उरले १५. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून परवानगीची वाढ निम्मी झाली की करंट ०.७ पट होतो. म्हणजे १० अँपिअरचा कनेक्टर इथे ७ अँपिअरचा. डब्यात हवा खेळती नसेल तर त्याहून कमी धरा.

३. भोक आणि पॅड

चौकोनी पिनेची बाजू मोजून भोक ठरवू नका, कर्ण मोजा. ०.६४ मिमीच्या चौकोनी पिनेचा कर्ण ०.९१ मिमी येतो. तयार भोक पिनेच्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा ०.१५ ते ०.२५ मिमी मोठं ठेवा. इथे १.१ मिमी चांगलं. बनवणाऱ्याची टॉलरन्स ±०.०८ असेल तर सर्वांत लहान भोकही १.०२ येतं आणि पिन सहज जाते. १.० मिमी गोल पिनेला १.२ ते १.२५ द्या.

ऑर्डरमध्ये "तयार भोक" हे शब्द लिहा. ड्रिलचं माप आणि मुलामा चढल्यानंतरचं माप वेगळं असतं. भोकाच्या भिंतीवर २०-२५ मायक्रॉन तांबं चढतं, वर कथलाचा लेप, त्यामुळे व्यास ०.०५ ते ०.१५ मिमी घटू शकतो.

भोक लहान झालं तर पिन ठोकून बसवली जाते आणि भिंतीवरचं तांबं खरवडलं जातं. मोठं झालं तर कनेक्टर तिरका बसतो आणि सोल्डर वर ओढलं न जाता खाली गळतं. सोल्डर वर चढतं ते भिंत आणि पिन यांमधल्या बारीक फटीमुळे, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. फट रुंद झाली की ते चढणं थांबतं.

पॅड, म्हणजे भोकाभोवतीचा सोल्डर धरणारा तांब्याचा गोल, १.१ मिमी भोकाला १.७ ते १.८ मिमी ठेवा. म्हणजे भोवती ०.३ मिमीचं कडं राहतं. २.५४ पिचला दोन पॅडमध्ये पाऊण मिलिमीटरच्या आसपास जागा उरते, ती पुरते.

एकतर्फी बोर्डाचा विषय मात्र वेगळा आहे. कूलरचे स्वस्त बोर्ड पुष्कळदा एकाच बाजूला तांबं असलेले असतात आणि भोकाच्या आत मुलामा नसतो. मग पिनेला धरून ठेवतो तो खालचा सोल्डरचा शंकू आणि कागदासारखं पातळ तांबं, तेही गोंदाने चिकटवलेलं. प्लग ओढला की सगळा जोर त्या गोंदावर येतो. असा बोर्ड करायचाच असेल तर पॅड लंबगोल करा, निदान १.८ × ३ मिमी, आणि ट्रॅक पॅडला मिळतो तिथे तो रुंद करत न्या. माझं मत विचाराल तर बाहेरच्या वायरी ज्या बोर्डावर येतात तो दुतर्फी, मुलाम्याच्या भोकांचाच असावा. वाचलेला पैसा परत आलेल्या चार बोर्डांत निघून जातो.

४. छापायला देण्याआधी कागदावर बसवून पाहा

ही पायरी पंधरा मिनिटांची आहे आणि तिच्यामुळे पूर्ण लॉट वाचतो. लेआउट १०० टक्के मापाने साध्या कागदावर छापा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "पानात बसवा" बंद आहे ना, ते बघा. छापल्यावर बोर्डाची लांबी पट्टीने मोजून खात्री करा. कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा आणि कनेक्टर सरळ खाली दाबा. प्रत्येक पिन आपल्या वर्तुळाच्या मधोमध टोचली गेली पाहिजे. शेवटच्या पिना वर्तुळाच्या कडेला टोचल्या तर पिच चुकली आहे.

मग प्लग लावून पाहा. लॉकची जीभ कोणत्या बाजूला येते? ती दाबायला बोट जातं का, की शेजारचा रिले आडवा येतो? वायरी डब्याच्या भिंतीला धडकत नाहीत ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिन क्रमांक १ खरोखर तिथेच आहे का? डेटाशीटमधलं चित्र कधी कनेक्टरच्या तोंडाकडून काढलेलं असतं, कधी सोल्डरच्या बाजूने. उलट वाचलं तर फूटप्रिंट (बोर्डावरची भोकांची मांडणी) आरशातलं होतं आणि दोन ओळींच्या कनेक्टरला नंतर उपाय नसतो.

५. ओढ कोण झेलणार ते ठरवा

बाहेर जाणारी वायर बोर्डापासून ३० मिमी उंचीवर आडवी ओढली जाते आणि कनेक्टरच्या पिनांच्या दोन ओळी ३ मिमी अंतरावर आहेत असं समजा. ही पहारीने दगड उचटावा तशी तरफ झाली: हातात २ किलोची ओढ, मागच्या ओळीवर २० किलोची. पिना जितक्या जवळ आणि कनेक्टर जितका उंच, तितकं पॅड उखडणं सोपं. यावर उपाय असे:

- आडव्या तोंडाचा कनेक्टर घ्या, म्हणजे वायर बोर्डाला समांतर येईल आणि उंची घटेल.
- बोर्डात शिरणारे खुंट असलेला नमुना निवडा. १.५ मिमीच्या खुंटाला १.६ मिमीचं भोक. हे भोक मुलाम्याशिवायचं आहे असं गर्बर फाइलमध्ये (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइलमध्ये) वेगळं दाखवा. विसरलात तर त्यात तांबं चढतं, भोक लहान होतं आणि खुंट बसत नाही.
- पृष्ठभागावर सोल्डर होणारा कनेक्टर असेल तर दोन्ही बाजूंचे धातूचे पकड-कान सोल्डर होतातच याची खात्री करा. ते शोभेसाठी नसतात. ओढ बहुतांशी तेच घेतात. त्यांचे पॅड ग्राउंडच्या तांब्यात मिसळून मोठे करा. यूएसबी टाइप-सी सॉकेट घेताना ज्याच्या कवचाचे पाय बोर्डाच्या आरपार जातात तोच घ्या.
- वायर कनेक्टरपासून २५-३० मिमीच्या आत डब्याला किंवा बोर्डाला टायने बांधा. टायसाठी बोर्डात दोन भोकं ठेवायला काही खर्च येत नाही. कनेक्टर आणि टाय यांच्यात वायर थोडी सैल असू द्या.
- बोर्डाचा स्क्रू कनेक्टरच्या शेजारी घ्या. प्लग दाबताना बोर्ड वाकला की जवळचे सिरॅमिक कपॅसिटर तडकतात. ते कनेक्टरपासून निदान ५ मिमी दूर ठेवा.

गोंद लावायचा असेल तर तो नीट निवडा. गरम करून लावायच्या काडीचा गोंद आपल्याकडे सर्रास वापरतात, पण ७० अंशांच्या डब्यात तो मऊ पडून सरकतो. सिलिकॉन चांगलं, मात्र ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको. त्यातून सुटणारं आम्ल तांबं आणि पिना खातं. न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडता सुकणारं) असं लिहिलेली ट्यूब मागा.

६. तांबं आणि अंतर

३५ मायक्रॉन तांब्यावर, बाहेरच्या थरात, २० अंशांची वाढ धरली तर ५ अँपिअरला सुमारे १.८ मिमी आणि १० अँपिअरला सुमारे ४.७ मिमी रुंद ट्रॅक लागतो. नागपूरच्या डब्यासाठी १० अंशच धरा. मग ५ अँपिअरलाच २.८ मिमी होतात.

ग्राउंडची पिन मोठ्या तांब्यात थेट बुडवू नका. तांबं उष्णता ओढून घेतं आणि डाग वरून चकचकीत, आतून कोरडा राहतो. पॅड भोवतालच्या तांब्याला चार बारीक दांड्यांनीच जोडा, प्रत्येक दांडी ०.४-०.५ मिमी. जिथे करंट जास्त आहे तिथे दांड्या तापतील. तिथे थेट जोडा आणि सोल्डर करण्याआधी बोर्ड १०० अंशांपर्यंत तापवून घ्या.

२३० व्होल्टच्या टर्मिनलचा हिशेब कागदावर करा. ५.०८ पिच, पॅड २.५ मिमी, मधलं अंतर २.५८ मिमी. स्वच्छ, कोरड्या डब्यात २५० व्होल्टला मूलभूत इन्सुलेशनसाठी पृष्ठभागावरचं २.५ मिमी अंतर चालतं. पण कूलर म्हणजे ओलावा, धूळ आणि क्षार. अशा जागी साध्या बोर्डाच्या प्लास्टिकला ४ मिमी लागतात. म्हणून ७.६२ पिचचं टर्मिनल घ्या, किंवा ५.०८ मध्ये एक पोल रिकामा सोडून त्याची पिन आणि पॅड दोन्ही काढून टाका. माणसाचा हात लागू शकेल अशा कमी व्होल्टेजच्या भागापासूनचं अंतर याच्या दुप्पट ठेवा. घरगुती उपकरण विकायचं असेल तर आयएस ३०२ (घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं भारतीय मानक) वाचणं टाळू नका.

७. सोल्डर

- कनेक्टर बसवा, दोन टोकांच्या पिनांना थोडं सोल्डर द्या, आडवा धरून बघा. बूड बोर्डाला सगळीकडे टेकलंय का? नसेल तर बोटाने दाबून त्या दोन पिना पुन्हा वितळवा. मग बाकीच्या. बूड अधांतरी असेल तर प्लग लावताना सगळा जोर डागांवर येतो.
- टोकाचं तापमान ६३/३७ ला ३२० ते ३५०, शिसेविरहित एसएसी ३०५ (कथील-चांदी-तांबं) ला ३५० ते ३७०. एका पिनेला २-३ सेकंद. ग्राउंडला वेळ लागत असेल तर तापमान वाढवण्याऐवजी रुंद टोक लावा.
- नायलॉनच्या कनेक्टरला सोल्डर करताना त्याचा जोडीदार प्लग घालून ठेवा. प्लास्टिक क्षणभर मऊ झालं तरी पिना सरळ राहतात.
- ६३/३७ एकदम १८३ अंशांना गोठतं. ६०/४० आधी लापशीसारखं होतं. त्या क्षणी हात हलला की डाग खडबडीत आणि आतून भेगाळलेला राहतो.
- डबीतली आम्लाची पेस्ट बोर्डाला लावू नका. तिचा अवशेष ओलाव्यात तांबं हिरवं करतो. रोझिन वापरा आणि शेवटी आयसोप्रोपिलने ब्रश मारा. ते कनेक्टरच्या तोंडात ओघळू देऊ नका, नाहीतर विरघळलेलं रोझिन कॉन्टॅक्टवर बसतं.

भिंगाखाली बोर्ड तिरका धरून दिव्याचा उजेड एका बाजूने पाडा. चांगल्या डागाची कड पिनेला आणि पॅडला हळुवार मिळते, अंतर्वक्र असते. दुतर्फी बोर्डात वरूनही बघा. भोक किमान ७५ टक्के भरलेलं हवं, म्हणजे १.६ मिमीच्या बोर्डात १.२ मिमी. थकलेल्या डागात पिनेभोवती केसाएवढी काळी कडी दिसते. अंगठ्याने कनेक्टर हलका हलवला की ती कडी उघडते आणि मिटते. "हलवलं की चालतं" ते इथे.

८. वायरची बाजू

तारेचे धागे स्क्रू टर्मिनलमध्ये घालण्याआधी सोल्डर करू नका. स्क्रूखाली सोल्डर दबत सरकतं, काही महिन्यांत पकड ढिली होते, जागा तापते आणि जळते. टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवा. क्रिम्पचा, म्हणजे वायरवर दाबून बसवायचा, कॉन्टॅक्ट पक्कडीने चेपू नका. त्या मालिकेचंच क्रिम्पिंग टूल वापरा. पुढचे पंख तांब्यावर आणि मागचे इन्सुलेशनवर बसले पाहिजेत.

९. चाचणी

वीज बंद ठेवून वायरीला काटा अडकवा आणि २-३ किलोने १० सेकंद ओढा, तिन्ही दिशांना. मग भिंगाखाली डाग बघा.

कॉन्टॅक्टचा रोध ओममीटरवर दिसत नाही. कमी व्होल्टेजच्या सप्लायवरून ठरलेला करंट सोडा आणि पिन ते वायर मिलिव्होल्टमध्ये मोजा. १० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट म्हणजे ५ मिलिओम, अर्धा वॅट. शेजारच्या पिनांपेक्षा एखादी दुप्पट दाखवत असेल तर ती क्रिम्प कापून बघा.

बोर्ड ७० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास, मग फ्रिजमध्ये अर्धा तास, असे वीस फेरे करा. नंतर चालू कूलरच्या पत्र्यावर बसवून दोन दिवस चालवा आणि मिलिव्होल्ट पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर कॉन्टॅक्ट घासले जात आहेत; पाचव्या पायरीवर परत जा.

तापमान मोजताना कॉन्टॅक्टचं तापमान तेवढं लिहू नका, आजूबाजूच्या हवेपेक्षा ते किती वाढलं ते लिहा. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत टर्मिनल ५८ वर थांबलं तर छान वाटतं. पण वाढ ३६ अंशांची आहे, आणि मे महिन्यात ७० च्या डब्यात तेच टर्मिनल १०६ वर जाईल. हा वाढीचा आकडा, मिलिव्होल्ट आणि कनेक्टरच्या दोन्ही अर्ध्यांचे पूर्ण भाग क्रमांक ड्रॉइंगवर लिहून ठेवा. खरेदीवाल्याने "दिसायला अगदी तसाच" दुसरा कनेक्टर आणला, तर त्या दिवशी चौथी आणि नववी पायरी पुन्हा करायची.